गुन्ह्याचे दप्तर, जन्माचे दप्तर

महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम हा १९६७ सालचा कायदा हौसेने वाचण्याजोगा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यात पोलीस पाटलाची कर्तव्ये जेथे सांगितली आहेत तो भाग एकदा अवश्य नजरेखालून घालावा. गावात गुन्ह्यांची स्थिती काय आहे आणि गावच्या लोकांचे आरोग्य व एकंदर हालहवाल कशी आहे, याची खबर पाटलाने दंडाधिकाऱ्यास सतत देत राहावी, असे तेथे एका दमात सांगून टाकले आहे. गुन्हा आणि आरोग्य ही दोन्ही प्रकरणे एकाच माणसाच्या गळ्यात बांधणाऱ्या या कलमाचे वळण जुन्या अमदानीतले आहे. पटकीची साथ, देवीची साथ आणि दरोडा या तिन्हींची वर्दी ज्या काळी तालुक्याच्या कचेरीत एकाच वाटेने आणि बहुधा एकाच माणसाच्या पायाने पोचत असे, त्या काळाचा ठसा त्यावर उमटलेला आहे. पुढे राज्यकारभार वाढला आणि कामांची वाटणी झाली. गुन्ह्याचे दप्तर ठाण्याच्या अंमलदाराकडे राहिले. जन्ममृत्यूची वही १९६९ च्या नोंदणी कायद्याने ग्रामसेवकाच्या टेबलावर गेली. दवाखाना जिल्हा परिषदेकडे आणि सिव्हिल हॉस्पिटल जिल्हा शल्यचिकित्सकाकडे आले. ही वाटणी अपरिहार्य होती, याबद्दल वाद नाही. परंतु काही गुन्हे असे असतात की ते दोन दप्तरांच्या मधल्या फटीतच घडतात आणि तेथेच मुरतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी गेल्या तीन दशकांत असा एक गुन्हा फार जवळून पाहिला आहे.

हे दोन जिल्हे एकेकाळी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून त्यांचा विचार एकत्र करण्यात जुन्या भाऊबंदकीलाच मान दिल्यासारखे होईल.

काही वर्षांपूर्वी खटाव तालुक्यातल्या एका गावी दुसऱ्याच कसल्याशा कामासाठी जुने दप्तर पाहण्याचा योग आला होता. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, समोर उघडलेली होती. आरंभीची पाने मोडीत, शाई तांबूस पडलेली. मग कुठेतरी मध्येच बाळबोध लिपी सुरू होते. तारीख, बापाचे नाव, जात, आणि शेवटी ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच एक शब्द. बाळाचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. जातीच्या दाखल्यासाठी आज लोक याच वह्या धुंडाळतात, तेव्हा त्यांची नजर जातीच्या रकान्यावर खिळलेली असते. माझे बोट मात्र नकळत शेवटच्या रकान्यावरून खाली सरकत गेले, आणि ध्यानात आले की हा एवढासा शब्द जर कोणी वर्षानुवर्षे नुसता मोजत बसला, तर जिच्याबद्दल कोणत्याही ठाण्यात फिर्याद दाखल झालेली नाही अशी गोष्ट त्याला कळू शकते.

निसर्गाचा हिशेब असा आहे की दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात; म्हणजे दर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. २००१ च्या खानेसुमारीत शून्य ते सहा या वयोगटात सांगली जिल्ह्यात हे प्रमाण ८५१ आणि सातारा जिल्ह्यात ८७८ भरले. २०११ मध्ये सांगली ८६७ वर आणि सातारा ८९५ वर आला. त्याच दहा वर्षांत सबंध महाराष्ट्राचे प्रमाण ९१३ वरून ८९४ वर घसरले होते, आणि बीड जिल्हा तर ८०७ पर्यंत खाली गेला होता. तेव्हा कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांनी थोडे सावरून घेतले असे म्हणता येईल. पण ९५० ही रेषा तेव्हाही बरीच दूर होती, आणि ऊस, द्राक्षे, हळद व सहकारी साखर कारखाने यांनी सधन झालेल्या मुलखात मुली कमी का, या प्रश्नाला दारिद्र्याचे उत्तर देता येत नाही. गर्भाचे लिंग दाखवणारे सोनोग्राफीचे यंत्र पैसा असतो तेथेच आधी पोचते.

येथे साताऱ्याच्या बाबतीत एक मौजेची फसगत नोंदवण्यासारखी आहे. लहानथोर मिळून सर्व लोकसंख्येचा हिशेब केला तर २०११ मध्ये या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या, आणि वरवर पाहणाऱ्याला तो आकडा समाधानाचाच वाटेल. परंतु जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांतले कर्ते पुरुष कित्येक पिढ्यांपासून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि पुढे माथाडीत गेलेले. त्यांच्या मनिऑर्डरीवर घर चालवणाऱ्या बायका गावी राहिलेल्या. पुरुष गावात नव्हते म्हणून बायका जास्त दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ. आकडा खरा होता. तो ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केला जात होता तो प्रश्न निराळा होता. पाळण्यातल्या मुली मोजल्या तेव्हा खरी स्थिती उघडी पडली.

संख्याशास्त्राची आणखी एक ताकीद आहे, आणि ती उत्साही कार्यकर्त्यांनी व तितक्याच उत्साही वर्तमानपत्रांनी ध्यानात ठेवली पाहिजे. एखाद्या लहान गावात वर्षाकाठी तीस बाळे जन्मली आणि त्यांत मुली अकराच निघाल्या, तर तेवढ्यावरून गावाला पापी ठरवता येत नाही. नाणे तीस वेळा उडवले तर असा कौल सहज पडू शकतो. पाच-सात वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, शेजारची गावे जोडली, तालुक्याची बेरीज घेतली, आणि तरीही तूट कायम राहिली, तर मात्र दैवाकडे बोट दाखवता येत नाही. म्हणजे जन्माचे दप्तर गुन्हा घडत असल्याची चाहूल देते, गुन्हेगाराचे नाव ते कधीच सांगत नाही. चोरीच्या तपासात आधी फिर्यादी येतो, मग मुद्देमाल, मग आरोपी. येथे फिर्यादीच नाही. कारण ज्यांच्यात व्यवहार झाला ते नवरा, सासू, दलाल आणि डॉक्टर असे सगळेच राजीखुषीने गप्प असतात, आणि जिच्या शरीरावर तो घडतो तिला बोलण्याची मुभा नसते. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यानेही हे ओळखले आहे: अशी तपासणी करून घेणाऱ्या स्त्रीवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे त्यात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

या कायद्याचा मान महाराष्ट्राचा आहे. १९८८ साली गर्भलिंग निदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १९९६ च्या आरंभी अमलात आला आणि २००३ मध्ये सुधारून अधिक कडक करण्यात आला. पण त्याची बजावणी कायदा करणाऱ्यांनी पोलिसांच्या हाती दिली नाही. जिल्ह्यात ‘समुचित प्राधिकारी’ म्हणून जिल्हा शल्यचिकित्सक असतो, शहरात महापालिकेचा आरोग्याधिकारी. झडती घेणे, कागद जप्त करणे, यंत्राला सील ठोकणे हे सगळे अधिकार त्याला आहेत. आणि न्यायालयही ठाण्याच्या दोषारोपपत्रावर या गुन्ह्याची दखल घेत नाही, या प्राधिकाऱ्याच्या फिर्यादीवर घेते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तरी २०१४ च्या नियमांत प्राधिकाऱ्यांना सूचना अशी की तपासात शक्यतो पोलिसांना गुंतवू नये. म्हणजे एरवी हर्नियाची शस्त्रक्रिया करणाऱ्या, साथ आली की रात्रीचा दिवस करणाऱ्या माणसाने, आपल्याच व्यवसायबंधूच्या दवाखान्यात जाऊन फौजदाराचे काम करावयाचे. हे काम त्याला वैद्यकीच्या कोणत्याही वर्षात कोणी शिकवलेले नसते. अनेक खटले कागदावरच लंगडे पडतात याचे मला तरी नवल वाटत नाही. पंचनामा कसा लिहावा, जप्त केलेली वही कशी सीलबंद करावी, पंच कोण घ्यावेत, या गोष्टी हवालदार वीस वर्षांच्या नोकरीत शिकतो.

तरीही या योजनेमागे एक शहाणपण आहे, आणि ते एफ फॉर्म हातात घेतल्यावर कळते. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येक केंद्राला हा फॉर्म भरावाच लागतो. त्यात स्त्रीचे नाव, वय, पत्ता. नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव. हयात मुले किती, त्यांत मुलगे किती व मुली किती. कोणी पाठवले, कोणत्या कारणासाठी तपासणी केली, काय आढळले. आणि खाली डॉक्टरचे व स्त्रीचे, दोघांचेही प्रतिज्ञापत्र. हे कागद दोन वर्षे जपावे लागतात आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत रुजू करावा लागतो. नोंदीत उणीव राहिली तर तो कायद्याचा भंग समजला जातो, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा बोजा डॉक्टरवर पडतो. डॉक्टर मंडळी यावर फार चिडतात. एका रिकाम्या रकान्यासाठी गुन्हेगार ठरवता काय, असे विचारतात. त्यांचा संताप काही प्रसंगी रास्तही असेल. पण ज्या गुन्ह्यात बोललेला शब्द हवेत विरतो, किंबहुना शब्दही उच्चारला जात नाही, कारण ‘पेढा’ की ‘बर्फी’ एवढ्यावर काम भागते, तेथे कागदाखेरीज दुसरा साक्षीदार आणायचा कोठून? ‘दोन मुली, मुलगा नाही’ असे लिहिलेले पंधरा फॉर्म एकाच दलालाच्या वाटेने आले आणि त्यांतल्या दहा जणींची पुढे प्रसूतीची नोंदच कुठे सापडली नाही, ही गोष्ट जो दोन वह्या शेजारी ठेवून पाहील त्यालाच दिसेल. कोल्हापूरला लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना फॉर्म संगणकावर भरण्याची आणि सोनोग्राफी यंत्राला नोंद ठेवणारे उपकरण बसवण्याची पद्धत सुरू झाली, ती याच विचाराने. तिला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले.

आता म्हैसाळकडे वळू. मिरज तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेला लागलेले हे कृष्णाकाठचे गाव एरवी उपसा सिंचन योजनेमुळे सर्वांच्या परिचयाचे. मार्च २०१७ च्या आरंभी येथील एका खासगी दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. गाऱ्हाणे पोलिसांपर्यंत गेले, आणि त्या एका मृत्यूचा माग काढता काढता ५ मार्च रोजी ओढ्याच्या काठची जमीन उकरण्यात आली तेव्हा पिशव्यांत भरून पुरलेले १९ गर्भ बाहेर निघाले. दवाखाना चालवणाऱ्या होमिओपॅथीच्या डॉक्टरला अटक झाली. पुढे सीमेपलीकडच्या डॉक्टरांनाही झाली. गर्भपाताचा १९७१ चा कायदा अशा पदवीधारकाला गर्भपात करण्याची मुभा देत नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवतो. आरोपींचा न्यायनिवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे आणि येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते तपासाच्या क्रमाकडे.

पहिले सूत्र एका बाईच्या मरणाचे. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात, शव विच्छेदनासाठी पाठवतात, व्हिसेरा राखून ठेवतात आणि रासायनिक विश्लेषकाच्या ‘सीए रिपोर्ट’ची वाट पाहत बसतात, ही शिस्त दीडशे वर्षांची आहे आणि ती ठाण्याच्या अंगवळणी पडलेली आहे. मुंबई शहरात यासाठी १९९९ पर्यंत स्वतंत्र कॉरोनर असे. मुफसलात मात्र ते काम नेहमीच पोलिसांचे. दुसरे सूत्र ओढ्याकाठच्या मातीचे. ते अवशेष मिरजेच्या शासकीय रुग्णालयात गेले. येथे न्यायवैद्यकाचे शास्त्र हाती येते: मांडीच्या हाडाच्या लांबीवरून आणि अस्थिकेंद्रांवरून गर्भ किती आठवड्यांचा ते ठरवायचे, लिंग ओळखण्यापलीकडे गेले असेल तर डीएनए तपासायचे. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडल्यापासून वैद्यकीची पेठ म्हणून नावारूपाला आलेल्या आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या मिरजेपासून हाकेच्या अंतरावर हे सगळे घडावे, याची खंत त्या शहराला वाटली असेल. तिसरे सूत्र आरोग्य खात्याच्या कागदांचे, आणि ते राज्याच्या सीमेपाशी तुटते; कारण तपासणी एका राज्यात आणि गर्भपात दुसऱ्या राज्यात झाला की दोन जिल्हे, दोन प्राधिकारी आणि दोन भाषांची दप्तरे एकत्र बसवावी लागतात. दलालाला मात्र सीमा ओलांडायला एक मोटारसायकल पुरते.

पोलीस यंत्रणा हलली ती एक स्त्री मेली म्हणून. ती जगली असती तर ओढ्याकाठची माती तशीच राहिली असती. ही पोलिसांची निंदा नाही. त्यांच्या दप्तरात मृत्यूला रकाना आहे, न झालेल्या जन्माला नाही. न झालेल्या जन्माचा रकाना दुसऱ्या कचेरीत आहे, आणि त्या कचेरीला माती उकरण्याची सवय नाही.

फिर्यादी नसलेल्या गुन्ह्याला फिर्यादी मिळवून देण्याचे काम साताऱ्यात सरकारी संस्थांच्या बाहेरून झाले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी अभियाना’तून गरोदर कार्यकर्त्या आणि सोबतचे साक्षीदार दवाखान्यांत पाठवून, पैशाचा व्यवहार पंचांसमक्ष उघड करण्याची पद्धत रूढ केली. गरोदर बाईने स्वतःहून अशा जोखमीत पाऊल टाकावे, पुढे वर्षानुवर्षे तारखांना कडेवर मूल घेऊन कोर्टात हजर राहावे आणि उलटतपासणीत नको ते प्रश्न ऐकावेत, यासाठी लागणारे धैर्य कोणत्याही पगारात बसत नाही. देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. या पद्धतीत शल्यचिकित्सकही लागतो, पोलीसही लागतात आणि वकीलही लागतो. तिघे एका खोलीत बसले नाहीत तर सापळा फसतो.

याच जिल्ह्यातले दुसरे दृश्य अगदी निराळ्या तऱ्हेचे आहे. मुलीवर मुलगी झाली की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून तिचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवण्याची चाल येथे होती. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने अशा नावांच्या मुली शोधून काढल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एका समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. काहींनी ती स्वतः निवडली. त्यांत सिनेमातल्या नायिकांची नावेही होती. नाव बदलणे म्हणजे नुसते बारसे नव्हे: शाळेचे जनरल रजिस्टर, शिधापत्रिका, जन्माचा दाखला असे कागद त्यामागे धावत येतात. येथे खटला नाही, आरोपी नाही, आणि तरीही सरकारी दप्तराने केलेले हे काम मला एखाद्या शिक्षेच्या निकालाइतकेच वजनदार वाटते.

मुली मोजणे आणि पोलीस बसवणे यांची जोड नवी नाही. काठेवाडातल्या बालिकाहत्येविरुद्ध मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हालचाल केली होती, आणि १८७० च्या कायद्याने तर उत्तरेकडच्या ज्या घराण्यांत मुली संशयास्पद रीतीने कमी आढळत त्यांची नोंद करून, त्यांच्याच खर्चाने जादा पोलीस बसवण्याची तरतूद केली. दंडुक्याने मोजणी झाली, दायांच्या जबान्या झाल्या. मन बदलले असे कोणी म्हणणार नाही. त्याच सुमारास, १८६३ मध्ये, पुण्यात फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि जी बाई अन्यथा आरोपी म्हणून उभी राहिली असती तिला बाळंतपणासाठी दार उघडे केले. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, दोन्ही साताऱ्यातलीच.

फुले दांपत्याच्या त्या उदाहरणाची आठवण आज अधिक हवी. म्हैसाळसारखे प्रकरण उजेडात आले की धाडी वाढतात, औषधांची दुकाने गर्भपाताच्या गोळ्या ठेवीनाशी होतात, आणि कायद्यात राहून गर्भपात करणारी केंद्रेही ‘कटकट नको’ म्हणून हात आखडता घेतात. गर्भपात हा आपल्या कायद्यात ठरावीक अटींवर मान्य आहे. लिंग पाहून तो करणे आणि लिंग सांगणे हा गुन्हा. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द सरकारी फलकांनी आणि भाषणबाजीने इतका रुळवला आहे की हा भेद पुसला जातो, आणि शासकीय रुग्णालयात सुरक्षितपणे सुटली असती अशी स्त्री भोंदू दवाखान्याच्या पायरीशी जाते. मग पुन्हा एक मरणोत्तर पंचनामा. हा शब्द फलकांवरून काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे. ‘गर्भलिंग निदान’ हा शब्द रूक्ष आहे खरा, पण तो नेमका गुन्ह्यावर बोट ठेवतो.

वाचकांपैकी जे गावी राहतात, किंवा ज्यांचे गावच्या ग्रामसभेला जाणे होते, त्यांना एक विनंती आहे. गेल्या पाच वर्षांत गावात मुलगे किती जन्मले आणि मुली किती, हे ग्रामपंचायतीत विचारावे, आणि तोच आकडा शेजारच्या चार गावांसाठी विचारावा. एखाद्या केंद्राविषयी संशय असेल तर १०४ या आरोग्य क्रमांकावर कळवता येते. आणि प्राधिकाऱ्याने काहीच केले नाही, तर गर्भलिंग निदानाविरुद्धच्या केंद्रीय कायद्याचे कलम २८ पाहावे: त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन कोणाही व्यक्तीला किंवा सामाजिक संस्थेला थेट न्यायालयात फिर्याद दाखल करता येते.